कंटेनरवरून गेलेली कवटी

दसऱ्यानंतरची ती सकाळ अजून माझ्या मनातून जात नाही. कंटेनर डेपोच्या सुपरवायझरचा मी हवालदार होते त्या पोलीस ठाण्यात फोन आला. कळमेश्वरच्या कारखान्यातून कीटकनाशक भरून आलेल्या कंटेनरवर धोक्याचं एकही स्टिकर नव्हतं. विषारी मालाच्या कंटेनरवर चारही बाजूंना कवटीचं चित्र लागतं. ते नसेल तर तो धान्याच्या कंटेनरशेजारी ठेवला जाऊ शकतो, आणि पुढे बंदरावर माल गळला तर हात लावणाऱ्याला धोका कळतही नाही.

सील शाबूत होतं. तरी संशय ड्रायव्हरवर आला. खुणा मुद्दाम काढल्याचं ठरलं असतं तर गुन्हा दाखल होऊन त्याचं लायसन आणि नोकरी दोन्ही गेली असती.

आमच्या साहेबांनी त्याला ठाण्यात बसवून विचारलं, "काहून काढले गा स्टिकर? कोणी सांगतलं तुले?"

"मी नाही काढले, साहेब."

"मंग काय उडून गेले?"

गाडी वाटेत कुठे थांबवली, असं विचारलं की तो खाली बघायचा. माझा अनुभव असा, की खोटारडा माणूस फार बोलतो. हा गप्प होता. कोणाला तरी पाठीशी घालत होता.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"दसऱ्याची गाडीची पूजा झाली का वं?" मी सहज विचारलं.

"झाली ना मॅडम. घरीच आणली होती त्यायनं. मी धुतली, हार घातला. पण गाडीवरच्या त्या मोठ्या डब्यावर खोपडी! सणासुदीले असं अभद्र ठेवते का कोणी? हे झोपून होते, तवा चारही खरडून काढल्या मी."

पंचांना आणि त्या दोघांना घेऊन आम्ही बेसा भागातल्या त्याच्या घरी गेलो. मोरीमागे चारही स्टिकर सापडले, हळदीच्या बोटांच्या ठशांसकट.

"तिले काही करू नका, साहेब," एवढंच ड्रायव्हर बोलला.

गुन्ह्याचा हेतूच नव्हता, म्हणून गुन्हा नोंदवला नाही. नवीन स्टिकर लागले, कंटेनर रवाना झाला. भरलेली गाडी घरी नेली म्हणून मालकाने त्याला चांगलंच झापलं, पण कामावर ठेवलं.

कोणी केलं याच्या आधी का केलं हे विचारावं, ते मी तेव्हा शिकले. आणि नियम एकट्या ड्रायव्हरला सांगून भागत नाही, घरच्यांनाही सांगावा लागतो.

त्या दिवशी त्यांच्या घरून निघताना मी तिला समजावलं, "अवं, ते चित्र मरण बोलवाले नसते, टाळाले असते."

ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हे आधी सांगतलं असतं, तर मी त्याच्यावरच कुंकू लावलं असतं ना!"