क्लासच्या दारावरचा बंदूकवाला

मुलींच्या क्लासला गार्ड कसा हवा हे ठरवायला दोन पुरुष बसले होते आणि मी चहा करत होते. क्लास माझा. अकरावी-बारावीचं गणित मी शिकवते. पण फ्रीगंजमधली ती जागा माझ्या दिरांच्या नावावर, मग काय, चालणार त्यांचंच!

फाटकापाशी मोटारसायकली लावून पोरं उभी राहायची. मुली खाली उतरल्या की शिट्ट्या. घराघरांतून तक्रारी आल्या होत्या. त्यात एक मुलगी फार हुशार, इंजिनिअरिंगची परीक्षा द्यायची होती तिला. तिच्या वडिलांनी सरळ सांगितलं होतं, हे थांबलं नाही तर पोरगी घरी बसेल. मला तिचीच धास्ती होती.

एजन्सीवाला साड्या दाखवाव्यात तसे गार्ड दाखवत होता. साधा लाठीवाला, काळ्या टी-शर्टातला बाउन्सर, बंदूकवाला. मी म्हटलं, "बाई गार्ड द्या. मुली तिला काही सांगतील तरी."

तो हसला. "मैडम, लेडीज़ गार्ड से डरेगा कौन?"

भावजीपण हसले. "वहिनी, तुम्ही गणित बघा न. गार्डचं मी पाहतो."

असं डोकं फिरलं माझं! पण आला तो बंदूकवालाच, चांगला पिळदार मिशांचा.

थोडे दिवस पोरं फिरकली नाहीत. मग त्यांना कळलं, हा काही बंदूक चालवत नाही. "काका, काका" करत गुटखा आणून द्यायला लागली. आणि या बाबाने खुर्चीच फिरवली. रस्त्याकडे पाठ, जिन्याकडे तोंड! कोण कुणाशी बोलते, कुणाची ओढणी कशी आहे, सगळा पहारा मुलींवर. अरे, तुला ठेवलाय कशाला? मी ओरडून खुर्ची सरळ करायला लावायची. वर्गात गेले की परत तेच.

एका संध्याकाळी त्यातल्या एकाने त्या हुशार मुलीच्या हातातली पाण्याची बाटली हिसकावली. तिने त्याला फाटकातच असा झापला की बाटली मुकाट्याने परत दिली त्याने. शाबास! गार्ड समोरच बसलेला, जागचा हलला नाही. हलला तो तिचे वडील न्यायला आले तेव्हा. त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, बिटिया गेट पर लड़कों से बात करती है.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. बाकीच्या मुलींनी घडलेलं सांगितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाला तिथल्या तिथे हाकलला, भावजींना बोलायचं ते बोलले आणि तडक देवास गेटला तिच्या घरी गेले.

वडिलांनी बसवलं, सगळं ऐकून घेतलं. ती आतल्या दारात उभी होती, डोळे सुजलेले.

"मान लिया, बच्ची की गलती नहीं," ते म्हणाले. "लेकिन बात तो हो गई न, मैडम."

परीक्षेला तरी बसू द्या, मी हात जोडले. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. ती आत निघून गेली.

मला सोडायला ते रस्त्यापर्यंत आले, फार अदबीने. म्हणाले, "और उस गार्ड को वापस रख लीजिएगा, भला आदमी है. उसी के भरोसे तो छोटी को अगले साल आपके यहाँ भेजूँगा."