अनुसूयाक्काची होसकोट्याची वर्षं

गुरुदत्तनं आपल्या थोरल्या बहिणीच्या आयुष्यातली अकरा वर्षं एका दुपारी, कॉफी निवेपर्यंतच्या वेळात पुसून टाकली.

हेतू उदात्त होता. आयटी कंपनीत लोकांचे अर्ज चाळण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. चांगलं कसं दिसायचं, हे बंगळुरातल्या अख्ख्या चामराजपेटेत आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्याची खात्री. डॉ. अनुसूयाक्काला एका मोठ्या रुग्णालयात, सर्जरी शिकायला येणाऱ्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणप्रमुखपदासाठी अर्ज करायचा होता. ऑपरेशनांच्या गडबडीत ती एवढंच म्हणाली, "स्वल्प नीट करून पाठवून दे रे." गुरुदत्तनं सिंगापूरची चार दिवसांची कार्यशाळा ठळक अक्षरांत वर नेली आणि होसकोट्याचा तालुका दवाखाना 'उगाच गावंढळ दिसतो' म्हणून काढून टाकला. अक्काला सांगायचं राहूनच गेलं.

मुलाखतीला तो सोबत गेला. बाहेर भिंतीवर आजवरच्या पाच प्रमुखांचे फोटो होते. पाचही पुरुष, चौघे एकाच कॉलेजचे, तिघे लंडनहून परतलेले. चष्मेसुद्धा एकाच दुकानातले वाटावेत.

"सहावा खिळा ठोकलाय का बघ," म्हणत अक्का आत गेली.

दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे गुरुदत्तला आतल्या निवड समितीचं सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, दोन हजार आठ ते एकोणीस काहीच दिसत नाही. घरी होतात? मुलं लहान असतील."

गुरुदत्त ताडकन उठून उभा राहिला.

"घरी नव्हते. होसकोट्याच्या तालुका दवाखान्यात होते. अर्ज माझ्या भावानं सुंदर केलाय."

मग ती बोलत सुटली. मशीनमध्ये सापडलेले कामगारांचे हात, फुटलेली अपेंडिक्सं, आठवड्यातून तीनच दिवस येणारे भुलीचे डॉक्टर. ग्रामीण सेवेला आलेल्या नव्या डॉक्टरांना ती खिडकीच्या गजावर दोऱ्याच्या गाठी मारायला लावी; शंभर झाल्याशिवाय चहा नाही. सुरी हातात घेण्याआधी अख्खं ऑपरेशन तोंडी म्हणून दाखवायचं. 'हे इथं जमणार नाही, पुढं पाठवू या' असं कधी म्हणायचं, तेसुद्धा ती शिकवी.

"पण शोधनिबंध दोनच?"

"दोनच. डॉक्टर एकोणचाळीस शिकवले. नावं सांगू?" आणि सांगायला लागलीसुद्धा. अकराव्या नावाला समितीच्या अध्यक्षांनी हात वर केला.

"ते ठीक आहे हो, पण तालुक्यातून येऊन इथं कुणी प्रमुख झालेलं नाही."

"तुमच्याकडं शिकलेली मुलं मात्र इथनं तालुक्यालाच जातात, सर. तिथं ऑपरेशन चालू असताना वीज गेली तर काय करायचं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं ना?"

'निर्णय पत्रानं कळवू' हे ऐकून ती बाहेर आली. गुरुदत्त हात जोडून उभा.

"अक्का, चप्पल काढून मार, पण काहीतरी बोल."

"ऑटो बघ."

ऑटो मार्केटच्या गर्दीत अडकेपर्यंत गुरुदत्तनं कसाबसा धीर धरला. शेवटी त्याला राहवेना.

"माझ्या आगाऊपणापायी तुझं पद गेलं तर गं? दुसऱ्याच कुणाला प्रमुख केलं तर?"

"तर त्याला शिकवीन."