दादाभाऊंचा तणाचा पिझ्झा

येडगावच्या दादाभाऊंनी तेहेतीस वर्षं एका तणनाशकाच्या कंपनीत काढली. हुद्दा फील्ड ऑफिसर. म्हणजे फटफटीवर बसून धरणाखालची गावं पालथी घालायची, शेतकऱ्यांना मारुतीच्या देवळात जमवायचं, प्रत्येकाला एक टोपी आणि एक वडापाव द्यायचा आणि मग घोळ, कुर्डू, केना आणि तांदुळजा या चार तणांचा असा काही उद्धार करायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही मंडळी कालच येरवड्याची भिंत फोडून पळालीत. बोलणं इतकं गोड, की वडापाव संपला तरी माणसं उठत नसत. या गोडव्याबद्दल कंपनीनं त्यांना दोनदा बँकॉकला नेऊन आणलं.

निवृत्त झाल्यावर माणूस काहीतरी धरतो. कुणी भजन धरतं, कुणी सोसायटीचं राजकारण. दादाभाऊंनी स्वयंपाकघर धरलं. तिथं त्यांच्या पत्नी रत्नाताई पस्तीस वर्षं सुखानं नांदत होत्या. आता त्यांना स्वतःच्या ओट्याशी जायला रांग लावावी लागू लागली.

एके दिवशी मोबाइलवर पांढरा कोट घातलेल्या एका माणसानं सांगितलं, की रानभाज्या म्हणजे अमृत. आणि नावं घेतली ती नेमकी चार. घोळ, कुर्डू, केना, तांदुळजा. दादाभाऊंनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. सकाळी चहा घेताना म्हणाले,

"अगं, घोळीत लोह असतं."

"असेल," रत्नाताई म्हणाल्या. "तुम्ही मारत होता तेव्हाही असेल."

त्याच आठवड्यात पिंपरीहून मुलीचा फोन आला. नात हर्षाली रविवारी येणार होती. वय वर्षं आठ. पालेभाजीशी उभा दावा. आमटीतली कोथिंबीरसुद्धा एकेक पान वेचून ताटाच्या कडेला मांडायची, पंचनामा केल्यासारखी.

"काही काळजी करू नकोस," दादाभाऊ फोनमध्ये गरजले. "तिला मी घरी पिझ्झा करून घालतो. वर चार रानभाज्या आणि चीज. नाही खाल्ला, तर या स्वयंपाकघरात पुन्हा पाय ठेवणार नाही."

आत कणीक मळणाऱ्या रत्नाताईंचा हात क्षणभर थांबला. हे वाक्य त्यांनी नीट जपून ठेवलं.

शनिवारी सकाळी दादाभाऊ पिशवी घेऊन भाजी शोधायला निघाले आणि पहिल्या अर्ध्या तासातच त्यांच्या ध्यानात आलं, की आपण नोकरी फार चोख केली. बांध घोटून दाढी केल्यासारखे. उसाच्या सरीत एक हिरवं पान जास्तीचं नाही. भगवंता टोमॅटो तोडत होता, त्याला विचारलं.

"घोळ? आमच्या रानात?" भगवंता दुखावला. "साहेब, तुमी सांगितलं तसं दरसाल फवारतो मी. जुडी सोडा, पान घावायचं न्हाई. टोमॅटो घ्या पायजे तर."

"कुणाकडे असेल रे?"

"सावळेरामाकडं. दुसरं कोण ऐकत नव्हतं तुमचं?"

दादाभाऊंनी टोमॅटो घेतले आणि बराच वेळ फटफटीला किक मारली नाही. वीसेक वर्षांपूर्वी देवळातल्या सभेत त्यांनी पडद्यावर एका रानाचा फोटो दाखवला होता आणि म्हटलं होतं, "मंडळी, शेती कशी करू नये ते बघून घ्या." लोक पोट धरून हसले होते. रान सावळेरामाचं होतं. तो दुसऱ्या रांगेत बसला होता. हातातला वडापाव सतरंजीवर ठेवून तो उठून गेला, आणि तेव्हापासून समोरासमोर आले तरी दोघांपैकी एकजण रस्त्याची कड बघायचा.

पण उद्या रविवार होता, आणि स्वयंपाकघर पणाला लागलं होतं.

सावळेराम आणि त्याची बायको सोनीबाई भुईमूग खुरपत होते. दादाभाऊ बांधावर उभे राहिले. खाकरले. शेवटी सोनीबाईच म्हणाली, "या पावणं. फोटू काढायचाय का?"

"नाही वहिनी. थोडी भाजी पाहिजे होती. नातीसाठी."

"भाजी न्हाई आमच्याकडं," सावळेराम मान वर न करता म्हणाला. "तण हाय."

"सावळेराम, तो फोटो..."

"कोणता?"

त्याला सगळं आठवत होतं, हे दादाभाऊंना कळलं. वदवून घेतल्याशिवाय तो सोडणार नव्हता.

"तुमच्या रानाचा. चारचौघांत हसवलं मी लोकांना. चुकलं माझं."

सावळेरामानं खुरपं मातीत रोवलं. "वडा गरम व्हता," तो म्हणाला. "तेवढाच खायचा राहिला. उतरा खाली."

दादाभाऊ सरीत उतरले. चारी भाज्या त्यांना पाठ होत्या. लॅटिन नावासकट, एकरी किती मिली औषध त्यासकट. फक्त खायचं काय आणि टाकायचं काय, हे ठाऊक नव्हतं. त्यांनी पहिलीच घोळ मुळासकट ओढली.

"शेंडा खुडा, शेंडा," सोनीबाई ओरडली. "मुळाचा राग सोडा आता. आन् तुरा आलेलं कुर्डू घेऊ नगा, चोथा व्हतो. केन्याचं कवळं पान बघा."

पिशवी भरायला दोन तास लागले, कारण मधल्या दोन सरी सोनीबाईनं त्यांच्याकडून खुरपूनही घेतल्या. कंबर धरून दादाभाऊ घरी आले.

रविवारी त्यांनी गव्हाच्या पिठात दही आणि चिमूटभर सोडा घालून गोळा भिजवला, जाड पोळी लाटली, भगवंताचे टोमॅटो लसणावर आटवून थापले, परतलेली भाजी पसरली, वर चीज किसलं आणि तव्यावर ठेवून झाकण घातलं.

"थालीपीठच की हे," रत्नाताई म्हणाल्या.

"थालीपिठाला चीज असतं का?"

"नसतं. म्हणून लवकर होतं."

हर्षालीनं तुकडा उचलून खालून-वरून पाहिला. बोटानं चीज सारलं. "हिरवं आहे."

तिनं कोपरा चावला. थांबली. रत्नाताई तिच्याकडे पाहत होत्या, दादाभाऊ रत्नाताईंकडे. हर्षालीनं दुसरा घास घेतला.

"आंबट लागतंय. छान आहे. कुठं मिळतं हे?"

"एकाच शेतात."

"एकाच का?"

तेहेतीस वर्षं देवळं गाजवलेला माणूस तव्याचं झाकण पुसू लागला. "सांगा की," रत्नाताई म्हणाल्या. मग दादाभाऊंनी सांगितलं. औषध, टोप्या, फोटो, सगळं.

"म्हणजे बाकीच्यांचं तुम्ही मारलं," हर्षाली खात खात म्हणाली, "आणि त्या आजोबांनी ऐकलं नाही म्हणून राहिलं?"

"हो."

"मग त्यांना नेऊन द्या ना एक."

संध्याकाळी दादाभाऊ नातीला मागं बसवून डबा घेऊन गेले. सोनीबाईनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "भाजी झ्याक. वरचं चिकाट काढलं तर आजून बरी." सावळेरामानं चिकाटासकट सगळं संपवलं, हात धुतले आणि विचारलं, "शनवारी मोकळं हाय का? खालचा तुकडा ऱ्हायलाय खुरपायचा."

आता दर शनिवारी सकाळी दादाभाऊ सावळेरामाच्या रानात असतात. दुपारी पिशवी भरून येतात आणि मग ओटा सोडत नाहीत. रत्नाताईंच्या वाट्याला शनिवारची सकाळ तेवढी येते. तेवढ्यात त्या आठवड्याची चटणी, शेंगदाण्याचं कूट आणि मनासारखी आमटी उरकून घेतात.