बिनडोळ्यांचे मुखवटे

आमच्या घरात भिंतीला टेकून चेहरे ठेवलेले असत, आणि त्यातल्या एकालाही डोळे नसत. आलेले पाहुणे दचकत. आम्हा दोघी बहिणींना मात्र त्यात काही वावगं वाटत नसे. उलट दुसऱ्यांची घरंच आम्हाला ओकीबोकी वाटत.

माझे वडील, म्हणजे आबा, जातीनं सुतार. पण औताच्या कामात त्यांचा जीव रमत नसे. ते महालक्ष्म्यांचे मुखवटे कोरत आणि रंगवत. भादव्यात ज्येष्ठा-कनिष्ठा या दोघी बहिणी माहेरवाशिणी म्हणून घरोघर येतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांची बोळवण होते, त्यांचे हे मुखवटे. गावातले लोक चिडवत, "नांगर सोडून बायांची तोंडं रंगवतंय! काय म्हनावं ह्या बाबाला!" आबा हसून म्हणत, "नांगर काय, कुनीबी करतंय." खरं तर तो गावात दुसऱ्या कुणालाच करता येत नसे, आणि वेळेवर मिळाला नाही की हेच लोक दारात येऊन आरडाओरड करत. मला त्यांचा फार राग यायचा. अजूनही येतो.

मुखवट्याला लाकूड पांगाऱ्याचं, हलकं. कोरून घासून झालं की त्यावर चिंचोक्याच्या खळीत कालवलेली पांढरी माती, वर हरताळाचा पिवळा हात आणि ओठांना लाल हिंगूळ. डोळे तेवढे राहत. ते गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्या धान्याच्या कणगीसमोर मुखवटा धरून काढायचे, असा आमच्याकडचा रिवाज होता. लक्ष्मीनं डोळे उघडून पहिलं बघायचं ते ज्या घरी नांदायचं त्या घरचं धान्य. सुताराकडेच डोळे उघडले तर ती तिथंच अडकते, असं म्हणत. "मंग अडकू द्या की! बरंच हाय," माझी धाकटी बहीण म्हणायची, आणि आबा रंधा थांबवून हसत.

मानमोडीच्या तापाची साथ आली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती. आमच्या निजामाच्या मोगलाईत काय आणि पलीकडे इंग्रजांच्या मुलखात काय, माणसं सारखीच पटापट गेली. एकाला पोचवून आलेला माणूस स्वतःच अंथरूण धरायचा. धाकटीनं सकाळी डोकं दुखतंय म्हणून मायच्या मांडीवर डोकं ठेवलं, ते पुन्हा धड वर उचललं नाही. तिला नेलं त्या दिवशी आबांनी पटाशी, वाकस, सगळी हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं.

आषाढात चौसाळ्याचे एक वाणी आले. त्यांच्या जुन्या मुखवट्यांना वाळवी लागली होती. आबांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. वाणी म्हणाले, "न्हाई कसं म्हनता मिस्त्री? तुमच्याच हातचं पायजे आमाला." मग मायच आतून म्हणाली, "घ्या काम. नुसतं बसून डोस्कं फिरंल तुमचं."

ज्येष्ठा नेहमीसारखी झाली. कनिष्ठेला बरेच दिवस लागले. एका दुपारी माय पाण्याचा तांब्या घेऊन आबांकडे गेली आणि तांब्या तसाच हातात धरून खाली बसली. मी धावत गेले. मुखवट्याला अजून रंगही लागला नव्हता. पण ती इवलीशी हनुवटी, आणि आता काहीतरी उलट बोलणार असा किंचित वर उचललेला ओठ. ती आमची धाकटी होती.

"मी मुद्दाम न्हाई केलं," आबा म्हणाले. "हात गेला तसा गेला."

मायनं मुखवटा पदरात घेतला. "ही मी देनार न्हाई. त्यांना दुसरी करा."

"दुसरी केली तरी हीच यील."

"मंग हिचे डोळे हितंच काढा. एकडाव बघू द्या तिला माज्याकडं."

आबांनी हातातली पटाशी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "डोळे उघडले की ती लक्ष्मी झाली. मंग तिला बसवावं लागंल, जेवू घालावं लागंल, अन् तिसऱ्या दिशी उठवावं लागंल. पुन्ना बोळवशील का तिला?"

मायनं मुखवटा पदरातून काढून त्यांच्यापुढे ठेवला. "मंग मी येते चौसाळ्याला," ती म्हणाली. "तिथं काढाल तवा बघीन."

मुखवटे पोचवायला आमच्या घरची बाई कधी जात नसे. पण माय निघाली. लेकीच्या सासरी जावं तसं धुवट लुगडं नेसून, वेणी घालून निघाली. तिला परतताना सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून मीही गेले. वाटभर ती जरा बरी दिसत होती. मधेच म्हणाली, "बघती का न्हाई माज्याकडं, बघू." मला तिची भीती वाटली आणि तिची आशा मलाही लागली.

वाण्यांच्या घरी कणगीसमोर पाट मांडले. घरच्या बायका हळदीकुंकू घेऊन उभ्या होत्या. माय दाराच्या चौकटीला टेकली, तिथून नीट दिसत होतं. आबांनी ज्येष्ठेचे डोळे काढले. मग कनिष्ठा समोर घेतली, खारीच्या केसांची कुंचली काजळात बुडवली, आणि त्यांचा हात तसाच राहिला. थेंब पाटावर पडला. वाणीणबाईंनी विचारलं, "काय झालं, मिस्त्री?"

"काई न्हाई," आबा म्हणाले, आणि त्यांनी भराभर डोळे काढले. मोठे, कानाकडे गेलेले, देवीचे. प्रत्येक मुखवट्याला काढत तेच.

ओठ तोच होता, हनुवटीही तीच होती, पण धाकटी त्यात उरली नाही. बायकांनी हात जोडले. माय वळून वाड्याबाहेर गेली. दुःखापेक्षा मला आबांची चीडच जास्त आली. एवढी साधी गोष्ट यांच्यानं बायकोसाठी होऊ नये!

परतताना गावाबाहेरच्या ओढ्याजवळ माय थांबली. "तिचे डोळे कावून न्हाई काढले?" ती कडाडली. "देवीला राग आला असता तर माज्यावर आला असता!"

आबांनी कुंचल्यांचं गाठोडं खाली ठेवलं. "देवीचं काई न्हाई," ते म्हणाले. "मला ते आठवनात. हात नेला, अन् आठवनात." मग लहान पोरासारखे म्हणाले, "तू सांग. कसे होते?"

"असं काय इचारता," माय म्हणाली. "जरा बारीक... पापनी अशी..." तिनं बोटानं हवेत काहीतरी दाखवलं. बोट थांबलं. तिलाही सांगता येईना. तिच्या तोंडावरचा राग गेला आणि तिथं जे आलं ते मला बघवेना.

लोक म्हणत, आम्हा दोघी बहिणींचे डोळे एकाच साच्यातले. ते त्या दोघांना एकदमच आठवलं असावं. माय माझ्याकडे वळली, मग आबाही वळले. मायनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. दोघं अगदी जवळ येऊन बघत राहिले, आणि त्या बघण्यात मी कुठंच नव्हते. मला हुंदका येत होता. पण डोळे भरले तर त्यांना दिसणार नाही, म्हणून मी रडले नाही.