वातासाठी तांबं

विमलकाकूंच्या घरी गेले की माझी एखादी वस्तू कमी होई. कधी पदराची पिन, कधी पर्सची कडी. न विचारता त्या ती काढून घेत, राखेने लख्ख घासत आणि ओट्यावरच्या काचेच्या पेल्यात सोडत. पेल्यात व्हिनेगर आणि चिमूटभर मीठ. सेलच्या एका तारेला तांब्याचा तुकडा, दुसरीला माझी पिन. आंबूस वास नाकात चढे, पाणी मोरपिशी होत जाई आणि तासाभराने पिन निघे ती पिकल्या उंबरासारखी तांबूस.

अचलपुरात त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. काका रेडिओ दुरुस्त करीत. ते गेले त्या दिवशी काकूंच्या पायांतले नागमोडी रेघेचे चांदीचे जोडवे माझ्या आईनेच उतरवले होते, रीत म्हणून. उतरवून त्यांच्याच पदराला बांधले होते. पुढे वर्षभरात काकांच्या तारा आणि चिमटे काकूंच्या ओट्यावर आले.

"दोन सेल लावा ना काकू, लवकर होईल," मी एकदा म्हटले.

"घाई केली तं काळं बसते व. तांबं सावकाश धरते. अन् पयले आंग साफ पायजे, मळावर काईच धरत नाई."

आई भिंतीपलीकडून टोमणा मारी, "विमलबाई, आता आमच्या पोरीलेबी मुलामा देता काय?"

"तिले काहून देऊ? मुलामा ज्याले लपवा लागते त्याले!" आणि दोघी हसत.

काकूंच्या पायांच्या बोटांत तांब्याचे दोन वेढे असत. कोणी विचारलेच तर म्हणत, "वातासाठी हाये." गल्लीत कुणालाही त्यात वावगे वाटले नाही.

या हिवाळ्यात दोन महिने अंथरुणाला खिळून काकू गेल्या. मी अकोल्याहून पोचले तेव्हा बायका त्यांना शेवटची आंघोळ घालत होत्या. आई पायांवर पाणी ओतून हाताने चोळत होती. एकाएकी तिचा हात थांबला. मी वाकून पाहिले. वेढ्यांच्या कडेचे तांबे झिजले होते. दोन महिने ते वेढे पुन्हा पेल्यात सोडायला कोणी नव्हते. खालून पांढरी चांदी चमकत होती, आणि तिच्यावर तीच नागमोडी रेघ, आईने नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी उतरवलेल्या जोडव्यांवरची.

माझ्या साऱ्या पिना, साऱ्या कड्या डोळ्यांपुढून सरकल्या. मी त्याला छंद समजत होते.

"काढून घ्या ते वेढे," मागून एक म्हातारी म्हणाली.

"राहू द्या. वातासाठी हाये," आई म्हणाली.

"मेल्यावर कायचा वात व?"

"राहू द्या म्हनलं न!"

तिचे दोन्ही अंगठे त्या उघड्या चांदीवर घट्ट दाबलेले होते. पांढरे वस्त्र पायांवरून ओढले जाईपर्यंत ते हलले नाहीत.