खुर्चीच्या हाताला मारलेली गाठ

आमच्या सरकारी दवाखान्याच्या कॅन्टीनमधल्या प्रत्येक खुर्चीच्या हाताला दोरा लोंबत असतो. शिकाऊ डॉक्टर चहा येईपर्यंत तिथं टाक्यांच्या गाठी मारायचा सराव करतात. काल आमची नवी डॉक्टर शेजारच्या रिकाम्या खुर्चीला दोरा बांधत होती. ग्लासाला टेकवलेल्या मोबाईलवर कुणा दूरच्या सर्जनचे हात सावकाश गाठ मारत होते. जमलं नाही की ती व्हिडिओ मागे नेई आणि पुन्हा दोरा उचले.

"मोबाईल बघून कुणी सर्जन होतं का?" माझ्याबरोबरचे जुने डॉक्टर म्हणाले. "आपण सरांच्या मागे उभं राहून शिकलो."

उभे होतो, खरंय. पण मागून दिसायची ती सरांची पाठ! 'पुन्हा दाखवा' म्हणायची कुणाची छाती होती? या पोरीला तेच हात हवे तितक्या वेळा दिसतात, आणि कुणी खेकसत नाही. उद्या पेशंटला टाके ती माझ्या नजरेखालीच घालणार आहे. पण तेव्हा तिची बोटं कोरी नसतील.

"डॉक्टर, ओढा तो दोरा," मी म्हटलं. "गाठ सुटली तर मी स्वतः तिचा मोबाईल बंद करते."

त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावला. खुर्ची फरफटत त्यांच्याकडे आली. गाठ होती तिथंच होती.