नानांनी विकलेला शालू

नानांनी आम्हाला कधी दानधर्म करू दिला नाही.

आज सकाळी ते गेले. वय झालं होतं, झोपेतच गेले. त्यांच्यावर रडकी पोस्ट लिहिलेली त्यांना आवडली नसती, असं मला वाटतं. की मलाच ती जमणार नाही, म्हणून हे कारण? असो.

कोरोनाचं पहिलं वर्ष. लॉकडाऊन जरा सैल झालेला, माझं कॉलेज बंदच.

आम्ही काही मित्रांनी शेवगावात पेठेतला एक रिकामा गाळा मागून घेतला आणि जुन्या कपड्यांचं दुकान काढलं. लोकांनी घरातले चांगले कपडे आणून द्यायचे. आम्ही ते धुऊन, गच्चीवर कडक उन्हात टाकून, ज्याला लागतील त्याला द्यायचे.

नाना आमच्या पेठेतले. त्यांची सगळी नोकरी कापडदुकानात, साड्यांच्या गादीवर गेलेली. मुलाने त्यांना घराबाहेर पडायला बंदी घातली होती. तरी दुसऱ्याच दिवशी नाना मास्क लावून हजर.

"फुकट का देताय सर?" दुकानातल्या सवयीने ते सगळ्यांनाच सर म्हणायचे.

"नाना, लोकांची कामं गेलीत."

"कामं गेली, आवडनिवड नाही गेली. दहा रुपये लावा. मग माणूस निवडून घेईल, नावं ठेवेल, भाव करेल."

लोकांनी खरंच भाव केला. दहाचे आठ करा म्हणाले. नाना जाम खूश.

मग त्यांनी घरून गादी आणली, वर पांढरी चादर. गिऱ्हाईक समोरच्या बाकावर, नाना गादीवर, मध्ये सोशल डिस्टन्सिंग. एकेकीला वीस-वीस साड्या उलगडून दाखवायचे.

रांग कोपऱ्यापर्यंत जायची. एकदा हवालदार गर्दी हटवायला आले. जाताना स्वेटर घेऊन गेले. दहा रुपये देऊन.

नव्या कापडाला कुंकवाचं बोट लावल्याशिवाय आपल्याकडे ते अंगाला लावत नाहीत. नाना जुन्या साडीलाही लावून द्यायचे.

मी म्हणालो, "नाना, ही कुणीतरी दहा वर्षं नेसलीय."

"हिने नेसलीय का?" समोरच्या बाईकडे बोट दाखवत ते म्हणाले. "मग हिच्यासाठी नवीच."

एका शुक्रवारी लताबाई आल्या. ऊसतोडीवरून परतलेल्या. रविवारी मुलीचं, पूजाचं, दारातच लग्न. "जरा बरी साडी दावा" म्हणाल्या.

नानांनी बऱ्या सगळ्या दाखवल्या आणि शेवटी गठ्ठ्याच्या तळातून एक राणी रंगाचा शालू काढला. जरीचा, भारी. लताबाई त्याला हातच लावेनात.

"हात लावा की. बघायचे पैसे नाहीत."

शालू विकला गेला. फॉल उसवला होता. नाना म्हणाले, "शिवून ठेवतो, उद्या पोरीला घेऊन या."

शनिवारी सकाळी दुकान उघडतोय, तोच आमच्या गल्लीतल्या काटे वहिनी आल्या. मास्कच्या वरही राग दिसत होता.

"आमच्या ह्यांनी लॉकडाऊनमध्ये कपाट आवरलं. मला मदत म्हणून. माझ्या लग्नाचा शालू इकडे देऊन टाकला."

मी नानांना बाजूला घेतलं. "देऊन टाकू. चुकून आलाय. त्या मुलीला दुसरी बघू."

"सर, विकलेला माल आहे. दुसऱ्याला कसा देऊ?"

"अहो, ती मालकीण आहे त्याची."

"मालकिणीचं उद्या लग्न आहे."

खरं सांगतो, दोघांपैकी बरोबर कोण होतं, हे मला अजूनही नक्की ठरवता येत नाही.

नानांनी वहिनींना बसवलं, पाणी दिलं. "गिऱ्हाईक येतंच आहे. तुम्ही दोघीच बोला."

लताबाई पूजाला घेऊन आल्या. ऐकलं आणि लगेच म्हणाल्या, "न्या बाई. तुमचा हाय त्यो. लगीन काय साडीपायी अडलंय व्हय?"

पूजाने गादीवरच्या शालूकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

वहिनींनी ते पाहिलं.

"नेसता येतो का गं तुला?"

"न्हाई. लई जड हाय."

"जडच असतो. उभी राहा."

तिथेच, ड्रेसवरून, वहिनी तिला शालू नेसवायला लागल्या. निऱ्या घातल्या, सुटल्या, परत घातल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "माझा पदर जेवताना आमटीत गेला होता. हा बघ डाग. सासूबाई अजून तो विषय काढतात."

"मंग हिची सासू काय म्हनंल?" लताबाई.

"म्हणू दे. आधीपासूनचाच आहे म्हणून सांग."

सगळेच हसलो. पूजाही, पहिल्यांदाच.

वहिनी जरा मागे सरकल्या. तिला नीट बघितलं. मग म्हणाल्या, "नाना, कुंकू द्या. आमच्या ह्यांनी दिला तो काही माझ्याकडून नव्हता. आता देते."

शालूच्या टोकाला त्यांनी बोट टेकवलं. लताबाईंनी डोळे पुसले. "मंग तुमी मावशी झाला हिच्या. उद्या यावं लागंल. पन्नासचीच परमिशन हाय, पर दोन पाव्हनं कमी करते."

"मग ह्या बाईंचे दहा रुपये तरी परत द्या," वहिनी नानांना म्हणाल्या.

"विकला तो विकला," नाना म्हणाले. "आहेर तुमचा, खरेदी त्यांची."

लताबाईही पैसे परत घेईनात.

रविवारी मी आणि काटे वहिनी लग्नाला गेलो. नानांना मुलाने सोडलं नाही, म्हणून वहिनींनी व्हिडिओ कॉल लावला. नवऱ्याकडची एक बाई शालूचा काठ चिमटीत धरून बघत होती. "कुणी घेतला?" लताबाई ताठ मानेने सांगत होत्या, "मी घेतला. पेठेतनं."

फोनमधून नाना विचारत होते, "वहिनी, गिऱ्हाईक खूश आहे का?"

वहिनींनी फोन पूजाकडे फिरवला. मुंडावळ्या हलल्या.

"व्हय नाना."

नाना स्क्रीनवर नुसते हसत राहिले. बराच वेळ.

तोच चेहरा आज डोळ्यांसमोर आहे.

या आता, नाना. पेठेतल्या आम्हा सगळ्यांचा नमस्कार.